दक्षिणयात्रेची आखणी : इतिहासाच्या अंगाने

दक्षिणयात्रा म्हटली, की आपल्याकडील बहुतेक श्रावक-श्राविकांच्या डोळ्यांसमोर एका कागदावर दाटीवाटीने बसविलेला सात दिवसांचा कार्यक्रम उभा राहतो. रात्री कोल्हापूर किंवा सांगली सोडावयाची, पहाटे बदामी गाठावयाची, दुपारी ऐहोळे-पट्टदकल उरकून रात्री हंपी. पुढे बेलूर, हळेबीड, श्रवणबेळगोळ, म्हैसूर, धर्मस्थळ, वेणूर, मूडबिद्री, कारकळ आणि परत. सात दिवसांत बारा स्थळे होतात. घरी आल्यावर छायाचित्रे पुष्कळ निघतात, परंतु कोणते मंदिर कोठले, हे आठवेनासे होते. प्रस्तुत लेखकाने गेल्या काही वर्षांत अशा यात्रांच्या आखणीत थोडाफार भाग घेतला आहे आणि त्यात चुकाही केल्या आहेत. त्या अनुभवावरून आणि वाचनावरून असे वाटते, की या प्रदेशाची यात्रा आखताना नकाशाइतकाच इतिहासही हाताशी असावा.

महाराष्ट्रातून निघणाऱ्या यात्रेकरूला एक सोय आपोआप लाभलेली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि मग घाट उतरून समुद्राकडे जाणारा आपला रस्ता जवळजवळ कालक्रमानेच जातो. बदामी-ऐहोळे ही सहाव्या-सातव्या शतकातील चालुक्यांची भूमी. पट्टदकलच्या एका कडेला नवव्या शतकातील राष्ट्रकूटकालीन जैन मंदिर आहे. गदगजवळचे लक्कुंडी अकराव्या शतकाच्या आरंभाचे, हळेबीड बाराव्याचे, आणि घाटाखालचे तुळुनाड म्हणजे मूडबिद्री, कारकळ, वेणूर हे पंधराव्यापासून सतराव्या शतकापर्यंतचे. बंगळूर किंवा मंगळूरहून निघणाऱ्याला हा इतिहास उलटा किंवा मधूनच वाचावा लागतो. आपल्याला तो पहिल्या पानापासून वाचता येतो. अपवाद आहेतच. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी वाटेवर सर्वांत आधी लागते, परंतु ती रट्ट राजवटीत १२०४ साली उभी राहिली. हंपी कालानुक्रमे होयसळांच्या नंतरची असून रस्त्यावर आधी येते. आणि श्रवणबेळगोळ कोणत्याच एका शतकात बसत नाही. ते सगळ्या शतकांचे आहे.

या वाटेने आपली माणसे किती काळापासून जात आहेत? सतराव्या शतकात शीलविजय नावाच्या श्वेतांबर मुनींनी दक्षिणेतील तीर्थांची यात्रा करून 'तीर्थमाला' रचली. तीत या भागातील अनेक स्थळांची नोंद असल्याने अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. श्रवणबेळगोळ आणि परिसरात पाचशेहून अधिक शिलालेख नोंदविले गेले आहेत. त्यांत राजे आणि सेनापती आहेत, तसेच केवळ आपले नाव व आल्याची तिथी कोरून गेलेले दूरदेशचे यात्रेकरूही आहेत. मराठी वाचकाला त्यांतील सर्वांत परिचित लेख गोमटेश्वराच्या पायांजवळचा. चावुंडराजाने मूर्ती करविली आणि गंगराजाने सभोवतालचा 'सुत्तालय', म्हणजे प्राकार, करविला, असे तेथे मराठीत व नागरी लिपीत कोरले आहे. दुसऱ्या बाजूस हाच मजकूर कन्नड आणि तमिळ भाषांत आहे. आपल्या शालेय पुस्तकांतून हा लेख इ. स. ९८३ चा आणि मराठीतील आद्य शिलालेख म्हणून शिकविला गेला. पुढील संशोधनाने त्यावर प्रश्नचिन्ह उभे केले. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. त्यामुळे निदान त्याच्या नावाची ओळ बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअलीकडची ठरते आणि दोन्ही ओळी त्याच वेळी कोरल्या गेल्या असाव्यात, असे मानणारे विद्वान आहेत. 'आद्य' हा मान आक्षीच्या किंवा कुडलच्या लेखाकडे गेला, म्हणून हळहळणारी मंडळी मी पाहिली आहेत. मला त्यात हळहळण्यासारखे काही वाटत नाही. त्या काळी कन्नड मुलखाच्या ऐन मध्यावर, सेनापतीच्या आज्ञेने, मराठी वाचणाऱ्यांसाठी स्वतंत्र ओळ कोरावी लागली. म्हणजे तेथे मराठी बोलणारे लोक इतक्या संख्येने येत होते, की त्यांना त्यांच्या भाषेत सांगणे अगत्याचे वाटले. पहिलेपणाच्या मानापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

आता प्रत्यक्ष वाटेविषयी. ऐहोळेस बहुतेक बसगाड्या दुर्ग मंदिरापाशी थांबतात. तासाभरात मंडळी नारळपाणी पिऊन परत फिरतात. जवळच्या टेकडीवर मेगुती नावाचे जिनमंदिर आहे, तेथे कोणी चढत नाही. वास्तविक ऐहोळेस जाण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. त्याच्या भिंतीवर शके ५५६ म्हणजे इ. स. ६३४-३५ चा रविकीर्तीचा संस्कृत लेख आहे. रविकीर्ती हा जैन कवी. त्याने हे मंदिर बांधविले आणि आपला आश्रयदाता दुसरा पुलकेशी याची प्रशस्ती त्यावर कोरविली. कालिदास आणि भारवी या दोघांचा नामनिर्देश असलेला हा लेख असल्याने संस्कृत साहित्याच्या कालनिर्णयात त्याचे मोल फार आहे. हर्षवर्धनाचा पराभव त्यात आहे, आणि नव्याण्णव हजार गावे असलेल्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य पुलकेशीला मिळाल्याचा उल्लेखही आहे. महाराष्ट्र या नावाच्या इतिहासात हा उल्लेख टाळता येत नाही. तो वाचावयाचा तर मेगुतीची टेकडी चढली पाहिजे. बदामीच्या लेण्यांचेही तसेच. तिसरे वैष्णव लेणे ५७८ सालच्या लेखासह भव्य आहे, तेथे मंडळी थकतात आणि त्यापलीकडचे चौथे, लहानसे जैन लेणे पाहावयाचे राहून जाते. म्हणून बदामीस दोन रात्री मुक्काम असावा, असे माझे मत आहे. एका रात्रीत हे होत नाही.

लक्कुंडी तर बहुतेकांच्या कार्यक्रमातच नसते. गदगपासून ते अवघे बारा किलोमीटर आहे आणि बदामीहून हंपीकडे जाताना फारसा फेर न घेता करता येते. येथील ब्रह्म जिनालय १००७ साली अत्तिमब्बे या श्राविकेने बांधविले. नागदेव या चालुक्य सेनानीची ती पत्नी. तरुण वयात वैधव्य आल्यावर तिने उर्वरित आयुष्य दानधर्मात घालविले. कन्नड महाकवी रन्नाला तिने आश्रय दिला. परंतु मला तिची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. पोन्न कवीच्या 'शांतिपुराण' या ग्रंथाच्या एक हजार प्रती तिने ताडपत्रांवर लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छपाई नसलेल्या काळात, लेखनिकांना मेहनताना देऊन, एका ग्रंथाच्या हजार प्रती! ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. मूडबिद्रीला पोहोचल्यावर तिची पुन्हा आठवण होईल.

हंपीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर लिहिलेले पुष्कळ उपलब्ध आहे. विठ्ठल मंदिर आणि विरूपाक्ष यांच्याबरोबर कमलापूरच्या वाटेवरील गाणिगित्ती जिनमंदिर पाहावे. दुसऱ्या हरिहराचा जैन सेनापती इरुगप्प याने ते शके १३०७ मध्ये कुंथुनाथांसाठी बांधविले आणि समोरील दीपस्तंभावर तसा लेख कोरविला.

हळेबीडला होयसळेश्वराच्या दारात उतरलेली मंडळी तेथेच दोन तास रमतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मात्र पाच मिनिटांच्या अंतरावर तीन बसदी ओळीने उभ्या आहेत. त्यांतील पार्श्वनाथ बसदी गंगराजाचा पुत्र बोप्प याने ११३३ साली बांधविली. तिचे काळे खांब इतके घोटलेले आहेत, की त्यांत स्वतःचा चेहरा दिसतो. हळेबीडचे जैन मंदिर आणि बेलूरचे चेन्नकेशव एकाच दिवशी पाहावे, कारण ती दोन्ही एकाच घराच्या कथेचे दोन भाग आहेत. विष्णुवर्धनाने १११७ साली बेलूरचे वैष्णव मंदिर उभारले. त्याची पट्टराणी शांतला जैन होती आणि तिने ११२३ च्या सुमारास श्रवणबेळगोळला शांतिनाथांची बसदी बांधविली. राजा वैष्णव, राणी जैन, सेनापती जैन. हे सर्व एका राजवाड्यात चालले होते.

ते नेहमीच इतके सुरळीत चालले असे मात्र नाही, आणि हे सांगणे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे. श्रवणबेळगोळला भंडारी बसदीपाशी १३६८ सालचा विजयनगरच्या बुक्करायाचा लेख आहे. जैन आणि श्रीवैष्णव यांच्यात तंटा झाला. आनेगोंदी, पेनुगोंडे इत्यादी ठिकाणच्या जैनांनी राजाकडे गाऱ्हाणे नेले. बुक्करायाने दोन्ही पक्षांच्या प्रमुखांना समोर बोलाविले, जैनांचे हात वैष्णवांच्या हातांत दिले आणि या दोन दर्शनांत भेद नाही, असा निवाडा केला. त्यापुढचा भाग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. जैनांच्या प्रत्येक घराने वर्षाला ठराविक नाणे द्यावे, त्यातून बेळगोळच्या देवाच्या रक्षणासाठी वीस पहारेकरी नेमावेत, उरलेल्या रकमेतून मोडकळीस आलेल्या जिनालयांची डागडुजी करावी, आणि ही व्यवस्था तिरुमलैच्या वैष्णव आचार्यांनी पाहावी. म्हणजे ज्यांच्याशी भांडण झाले, त्यांच्याच हाती रक्षणाची जबाबदारी दिली. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा दगड यात्रेकरूंना दाखविणारा मार्गदर्शक मला आजवर भेटलेला नाही. विचारून घ्यावा लागतो.

श्रवणबेळगोळच्या मूर्तीचे वर्णन येथे करीत नाही. सुमारे ५८ फूट उंचीची, एकाच शिलेतून दहाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेली ती मूर्ती ज्याने पाहिली त्याला सांगावे लागत नाही, आणि न पाहिलेल्याला सांगून कळत नाही. व्यवहाराचे एवढेच, की विंध्यगिरीला सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत, त्या उघड्या कातळात खोदलेल्या आहेत आणि पादत्राणे खालीच सोडावी लागतात. उन्हे वर आली की तळपाय पोळतात. म्हणून सूर्योदयापूर्वी चढावयास लागावे, ज्येष्ठांनी संकोच न करता डोली करावी आणि समोरची चंद्रगिरी टेकडी सायंकाळसाठी ठेवावी. चंद्रगिरीवर गर्दी नसते. भद्रबाहू आणि चंद्रगुप्त यांची परंपरा सांगणारा, सातव्या शतकाच्या आरंभीचा मानला जाणारा लेख तेथे आहे. चंद्रगुप्त बसदीतील जाळीदार दगडी पडद्यांवर ती कथा लहान लहान चौकटींतून कोरली आहे. ती पाहावयास वेळ आणि तिरपा प्रकाश, दोन्ही लागतात.

येथून शिराडी घाट उतरला, की हवा, माती, घरे आणि देवळेही बदलतात. तुळुनाडात पाऊस इतका पडतो, की दगडी शिखरे तेथे टिकत नाहीत. म्हणून बसदींना उतरती, एकावर एक चढलेली छपरे आली. जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या इतिहासकाराला ती पाहून नेपाळची आठवण झाली होती. वेणूरची १६०४ ची आणि कारकळची १४३२ ची बाहुबलीमूर्ती, तसेच मूडबिद्रीची १४३० ची सहस्रस्तंभ बसदी, ही सगळी एका दिवसाच्या टापूत येतात. त्यामुळेच ती एका दिवसात उरकली जातात.

तेथेच आमची चूक झाली. २००६ च्या महामस्तकाभिषेकानंतर आम्ही नातेवाईक मिळून एका प्रवासी संयोजकामार्फत या मार्गाने गेलो होतो. माझ्या मातोश्री तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. गोमटेश्वराचे दर्शन त्यांना पूर्वी एकदा घडले होते. या खेपेस त्या निघाल्या त्या मूडबिद्रीसाठी. ज्या ताडपत्रांवरून धवला छापली गेली, ती ताडपत्रे जेथे राहिली ते ठिकाण पाहावयाचे, एवढी एकच इच्छा त्यांनी बोलून दाखविली होती. धर्मस्थळाला जेवणास उशीर झाला, वेणूरला गाडी बिघडली आणि मूडबिद्रीत पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. सिद्धान्तदर्शनासाठी मठाकडे आधी विचारणा करावी लागते, हे कोणी केलेले नव्हते. यादी माझ्याही हातात होती, तेव्हा केवळ संयोजकाला बोल लावण्यात अर्थ नाही. गुरु बसदीच्या बंद दारासमोर हात जोडून त्या गाडीत येऊन बसल्या. "पुढच्या खेपेस," एवढेच म्हणाल्या. पुढची खेप झाली नाही.

त्यानंतर मी धवलेच्या पहिल्या भागाची प्रस्तावना प्रथमच नीट वाचली, आणि ज्या दारातून आम्ही परतलो त्याच्यामागे काय इतिहास आहे, हे कळले. षट्खंडागमावरील धवला टीका वीरसेनाचार्यांनी ८१६ साली पूर्ण केली; जयधवला त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ८३७ मध्ये तडीस नेली. पुढे काही शतकांनंतर या महाग्रंथांच्या प्रती एका मूडबिद्रीखेरीज कोठेही उरल्या नाहीत. तेथे त्यांची पूजा होत असे. वाचन होत नसे. जुनी कन्नड लिपी वाचणारेच विरळ झाले होते.

१८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रासंघ घेऊन मूडबिद्रीला गेले. मंगळूरला रेल्वे पोहोचली १९०७ साली. तेव्हा त्या काळची ही यात्रा म्हणजे काय दगदग असेल, याची कल्पना करावी. इतरांप्रमाणे दर्शन घेऊन, दान देऊन ते परतू शकले असते. परंतु ही पाने अशीच झिजून जाणार काय, हा प्रश्न त्यांना पडला आणि तो त्यांनी सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांच्यापुढे मांडला. हिराचंद दुसऱ्याच वर्षी स्वतः गेले. वाटेत श्रवणबेळगोळहून ब्रह्मसूरी शास्त्री या लिपी जाणणाऱ्या पंडितांना त्यांनी बरोबर घेतले. शास्त्रींनी मूडबिद्रीत ताडपत्रावरील मंगलाचरण वाचून दाखविले. यात्रेची ही आखणी पाहा : कोणत्या गावाहून कोणाला बरोबर घ्यावयाचे, हे त्यांनी आधी ठरविले होते.

पुढे निधी जमण्यास दहा वर्षे गेली. १८९६ च्या सुमारास ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी प्रतिलिपीस आरंभ केला. शास्त्री मध्येच निवर्तले, उपाध्याय लिहीत राहिले आणि सर्व ग्रंथांचे काम पुरे होण्यास १९२२ उजाडले. अट एकच होती : या प्रती मूडबिद्रीतच राहतील, बाहेर जाणार नाहीत. गजपती उपाध्यायांनी मात्र आपल्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने एक कन्नड प्रत गुपचूप तयार केली. ती घेऊन ते हिराचंद आणि माणिकचंद यांच्याकडे आले. ज्यांनी हे ग्रंथ जगापुढे यावेत म्हणून आयुष्याची इतकी वर्षे खर्ची घातली, त्या दोघांनीही, दिलेल्या शब्दाविरुद्ध बाहेर आलेली प्रत घेणे उचित नाही, म्हणून ती नाकारली! अखेर सहारनपूरच्या एका श्रीमंत श्रावकाने ती घेतली. तेथे नागरी प्रत तयार होत असता लेखनिकानेही तोच मार्ग पत्करला आणि त्याच्या प्रतींवरून आरा, कारंजा, अमरावती अशा ठिकाणी ग्रंथ पोहोचला.

उपाध्याय दाम्पत्याला दोष द्यावा की त्यांचे ऋण मानावे, हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. माझे स्वतःचे मत पुष्कळ वर्षे डळमळत होते. अत्तिमब्बेने हजार प्रती वाटल्या, ही गोष्ट आठवली की लक्ष्मीबाईंच्या बाजूचा होतो. हिराचंदांचा नकार आठवला की तेही चूक म्हणवत नाही. एवढे खरे, की त्या चोरट्या प्रतींवाचून १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला धवलेचा पहिला भाग निघू शकला नसता. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे त्यांना साहाय्य होते. आणि पुस्तक छापून हाती आल्यावर मूडबिद्रीच्या अधिकाऱ्यांनी रोष धरला नाही. पुढील भागांसाठी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची मुभा त्यांनी दिली. सोळा भागांचे हे काम पुढे वीस वर्षे चालले.

हे सर्व घडले ते एका यात्रासंघाने एका गावी थांबून काही विचारले म्हणून. आज कोकण रेल्वेने मुंबईहून मंगळूर एका रात्रीवर आले आहे, २०१७ पासून श्रवणबेळगोळलाही रेल्वेस्थानक आहे; पोहोचणे सोपे झाले. थांबणे अवघड झाले आहे.

आता आम्ही पुन्हा आखणी करीत आहोत. नऊ दिवस धरले आहेत. बदामीस दोन रात्री, होस्पेटला एक, हळेबीड-बेलूरसाठी हासनला एक, श्रवणबेळगोळला दोन, मूडबिद्रीस दोन. म्हैसूर वगळले आहे. त्यावर मंडळींची नाराजी आहे, विशेषतः तरुणांची, परंतु वृंदावन बागेसाठी चंद्रगिरी सोडावयास मी तयार नाही. गाडी अजून ठरलेली नाही. पहिले पत्र मूडबिद्रीच्या मठाला गेले आहे. त्यांच्या उत्तरात जो दिवस येईल, तो मध्ये ठेवून बाकीचे दिवस मागेपुढे लावावयाचे आहेत.